आगोटीच्या गावात साठ्याचा सल्ला

कुठे विषाणू पसरल्याची बातमी आली की आमच्याकडे एक सल्ला हमखास डोकं वर काढतो. २०२५ च्या जानेवारीत एचएमपीव्हीचं नाव टीव्हीवर झळकलं तेव्हाही तो आलाच. पुन्हा लॉकडाऊन लागू शकतो, तेव्हा शहाण्याने आत्ताच तीन महिन्यांचं धान्य, डाळी, तेल, साबण, बॅटऱ्या घरात भरून ठेवाव्यात. २०२० मध्ये ज्यांनी तजवीज केली होती ते निभावले, ज्यांनी केली नव्हती त्यांचे हाल झाले. सल्ला देणारे बहुतेक पुण्या-मुंबईचे नातेवाईक, नाहीतर तिकडे नोकरी करून पेणला बंगला बांधून राहिलेले. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. माझं भांडण आहे ते सल्ल्याच्या पोटातल्या निवाड्याशी. हाल झाले ते बेसावधांचे, हा तो निवाडा. रायगडातल्या पेण आणि रोहा तालुक्यांपुरतं तरी हे साफ खोटं आहे.

एक तर सल्ला कुणाला देतोय ते बघावं. इथे आगोट नावाची गोष्ट आहे. आगरी-कोळ्यांच्या घरात वाढलेल्याला ती सांगावी लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगते. पावसाचे चार महिने ना बाजार धड मिळणार, ना समुद्रात होड्या जाणार, असं धरून एप्रिल-मेमध्ये घर भरायचं, ती आगोट. कडवे वाल उन्हं दाखवून, राख लावून डब्यात जातात. तांदळात कडुलिंबाचा पाला पडतो. मिरच्या, धणे कडकडीत वाळवून डंकावरून मसाला कांडून आणायचा आणि बरणीच्या तोंडाशी हिंगाचे खडे ठेवायचे. सुकट, बोंबील, वाकटी, सोडे पुन्हा एकदा उन्हात टाकून, हाताला चुरचुरीत लागले की मगच डब्यात भरायचे, कारण जरा दमट राहिले तर श्रावणाच्या आधी अळ्या. चिंचेचे मीठ लावलेले गोळे, आमसुलं, पांढऱ्या कांद्याच्या माळा, खडेमीठ, पापड. पडवीत सरपण रचायचं, गोवऱ्या पेंढ्याखाली झाकायच्या, कौलं चाळून घ्यायची, पावसाच्या अंगाच्या भिंतीला झावळ्यांची झड बांधायची. आता सल्लागारांच्या यादीतलं ह्यात काय राहिलं? बॅटऱ्या. त्यांची वेगळी याद कुणी करत नाही, कारण पहिल्या पावसाला वीज जाते हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

म्हणजे चार महिन्यांचं घर कसं भरावं ह्याची शिकवणी ज्यांच्याकडून घ्यावी, त्यांनाच ती दिली जाते आहे. आणि ह्याच्या बरोबर उलट बोलणारेही भेटतात. साठा करणं म्हणजे साठेबाजी, माणसं घाबरतात आणि बाजार उपसतात, असं ते म्हणतात. त्यांनी दोन तारखांमधला फरक ध्यानात घ्यावा. २४ मार्च २०२० ला रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी जाहीर केलं आणि बारा वाजता देश बंद झाला. त्या चार तासांत दुकानांपुढे जी झुंबड उडाली ती भीतीची खरेदी, ते कबूल. आगोटीची खरेदी मे महिन्यात होते. तेव्हा दुकानदार त्याच गिऱ्हाइकाची वाट बघत असतो, माल तसा मागवून ठेवलेला असतो, आणि पुढे पावसात तेच गिऱ्हाईक दुकानात गर्दी करत नाही. साठा वेळेवर केला तर बाजाराला आधारच होतो. तेव्हा साठ्याला माझा विरोध नाही. विरोध आहे तो साठ्यात सगळी तयारी आली असं मानण्याला.

कारण २०२० ने हे मत इथे नुसतं तपासून पाहिलं नाही, तर मोडीत काढलं.

लॉकडाऊन २५ मार्चला, ऐन पाडव्याच्या दिवशी सुरू झाला. ज्यांची शेती आहे त्यांच्या घरात दिवाळीतलं भात होतं, नुकतेच काढलेले वाल होते. आठवडी बाजार बंद असूनही मे उजाडेपर्यंत बायकांनी ओळखीपाळखीतून, कुणाच्या टेम्पोतून, कुणाच्या अंगणातून मागवून आगोट भरली. नेहमीपेक्षा तोकडी असेल, पण भरली. आणि ३ जूनच्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. ताशी शंभर-एकशेवीस किलोमीटरच्या वाऱ्याने श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड झोडपून ते पुढे रोहा, तळा, माणगावात शिरलं. तारीख बघा. वर्षातून एकदाच घर गच्च भरलेलं असतं, ते नेमकं ह्याच आठवड्यात. ज्यांची कौलं आणि पत्रे गेले त्यांच्या डोळ्यांदेखत चार महिन्यांचा तांदूळ भिजला, मसाला भिजला, सुकट भिजली, सरपण भिजलं. ज्याने सगळ्यात जास्त तयारी केली होती त्याचं सगळ्यात जास्त गेलं. ह्या माणसाला बेसावध म्हणायचं का?

त्या रात्री ही घरं कुठे गेली? शेजारच्या स्लॅबच्या घरात, शाळेत, समाजमंदिरात. अंतर राखा, घरातच राहा, हे दोन महिने ऐकलेलं सगळं एका दुपारी निकालात निघालं, कारण राहायला घरच नव्हतं. वीज आठवडाभर नव्हती, आतल्या गावांत तर कितीतरी जास्त दिवस. मोबाइलचे मनोरे आडवे. इथे जाता जाता डीप फ्रीझरवाल्यांचंही बघून घेते. लॉकडाऊनमध्ये मटण-मासळी साठवून ठेवायला फ्रीझर हवाच, असं सांगणारे आजही आहेत. रोह्याच्या बाजूला जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बंद फ्रीझरचं झाकण उघडून बघायला त्यांना बोलवायला हवं होतं. कोरडी राहिलेली वाकटी मात्र चुलीवर भाजून खाता येत होती.

आता मूळ मुद्दा. छप्पर शाबूत राहिलं तिथेही २०२० मध्ये कमी पडलं ते धान्य नव्हतं. एप्रिलपासून रेशनवर माणशी ५ किलो तांदूळ फुकट सुरू झाला, नेहमीचे ५ किलो होतेच. केशरी कार्डवाल्यांना मे-जूनमध्ये आठ रुपये दराने गहू आणि बारा रुपये दराने तांदूळ मिळाला. पाच माणसांच्या, कार्ड असलेल्या घरात तांदळाचं पोतं होतं. नव्हते ते पैसे. तेल, मीठ, साबण, फोनचं रिचार्ज, पोराच्या ऑनलाइन शाळेसाठी दुसरा फोन, हे तांदळाच्या बदल्यात मिळत नाही.

पेणचंच घ्या. पेण शहर, हमरापूर, जोहे ह्या पट्ट्यात गणपतीचे कारखाने वर्षभर चालतात. एका चतुर्थीचं विसर्जन झालं की पुढच्या वर्षीचे साचे निघतात. शाडू गुजरातेतून येते, प्लास्टर राजस्थानातून. मजुरी, रंग, भाडं सगळं वर्षभर घालायचं आणि पैसा बघायचा तो चतुर्थीच्या तोंडावर. परदेशी जाणारा माल मार्च-एप्रिलमध्ये बोटीने निघतो. त्याच वेळी सगळं थांबलं. कारखान्यात फळ्यांवर ओळीने गणपती, रंगाचा हात फिरवायला माणूस नाही आणि माल न्यायला गाडी नाही. त्यात १२ मेला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्लास्टरच्या मूर्तींवर बंदी घालणारी नियमावली काढली, त्याच महिन्यात ती वर्षभर पुढे ढकलली गेली. मग राज्याने उंचीची मर्यादा आणली : सार्वजनिक मंडळाची मूर्ती चार फूट, घरची दोन फूट. ज्याच्या फळीवर सहा-सात फुटांचे गणपती वाळून तयार होते त्याने काय करायचं? आता ह्या कारखानदाराच्या घरात तीन नाही, सहा महिन्यांचे वाल असते तरी त्याचं कोणतं देणं भागलं असतं? हप्ते पुढे ढकलायची सवलत मिळाली, पण व्याज थांबलं नाही. ज्या बायका त्याच्याकडे मूर्ती घासायला, डोळ्यांच्या आखणीच्या आधीचा रंग द्यायला येतात, त्यांचा हात रिकामा तो रिकामाच.

ह्यावर सल्लागार म्हणतात, मग बचत ठेवावी, सहा महिन्यांचा खर्च बँकेत असावा. हे पेणमध्ये उभं राहून बोलायला धाडस लागतं. २०१० साली रिझर्व्ह बँकेने पेण अर्बन बँकेवर निर्बंध आणले आणि लाखाहून जास्त ठेवीदारांचे पैसे अडकले. त्यात भाजीवाल्या होत्या, मूर्तिकार होते, पेन्शनवाले होते, मुलीच्या लग्नासाठी ठेव ठेवलेले होते. दहा वर्षांनी लॉकडाऊन लागला तेव्हाही कितीतरी जण त्याच पैशांची वाट बघत होते. ह्या माणसांनी अडीअडचणीसाठी साठवून ठेवा हे पुस्तकी शहाणपण अक्षरशः पाळलं होतं. त्यांची शिस्त कुठे कमी पडली, ते कुणी मला दाखवून द्यावं.

रोह्याकडे धाटावच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत. कायम कामगाराचं कसंबसं निभतं, पण कंत्राटी माणसाचं गणित हजेरीवर. २९ मार्च २०२० ला केंद्राने आदेश काढला की लॉकडाऊनच्या काळात कुणाचा पगार कापू नये. मेच्या मध्यावर तो आदेशच मागे घेतला. ठेकेदाराच्या वहीत तो उतरला होता की नाही, हा प्रश्न मग विचारायचीही सोय राहिली नाही. दर महिन्याला थोडं थोडं जास्त भरत जा, असं ह्या माणसाला सांगणाऱ्याने एकदा संध्याकाळी नाक्यावरच्या वाण्याकडे उभं राहावं. दहा रुपयांचं तेल, पाच रुपयांची चहा पावडर, एक वेळचा मसाला. ही खरेदी आळसाची नव्हे. ज्या दिवशी हातात पैसा त्या दिवशीची ती खरेदी आहे. महिन्याचा साठा करायला आधी एका महिन्याची मिळकत शिल्लक पडावी लागते.

आणि कातकऱ्यांचं काय? दोन्ही तालुक्यांत कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. दिवाळीनंतर उचल घेऊन अख्खं बिऱ्हाड वीटभट्टीवर जातं ते पावसाच्या तोंडावर परततं. भट्टीवर आठवड्याला खर्ची मिळते, तिच्यात बाजार करायचा, बाकी हिशेब शेवटी. मार्चअखेरीस लॉकडाऊन लागला तेव्हा ही माणसं भट्ट्यांवर होती. कार्ड असलं तर ते वाडीवर, रेशन दुकान तिकडे, माणसं इकडे. झोपडी विटांची आणि ताडपत्रीची, तीही मालकाच्या जागेत. ह्यांनी साठा कुठे करावा, आणि कशातून? सरकारलाही हे कळलं, नाही असं नाही. आदिवासी कुटुंबांना चार हजार रुपयांची खावटी, अर्धी रोख आणि अर्धी वस्तूंत, द्यायचं मंत्रिमंडळाने २०२० च्या ऑगस्टमध्ये ठरवलं. वाटप झालं २०२१ मध्ये. ज्या भुकेसाठी ती मंजूर झाली ती भूक कशीतरी मारून, पुन्हा उचल घेऊन, माणसं पुढच्या हंगामाच्या भट्टीवर जाऊन आली होती, तेव्हा ती खावटी हातात पडली. बेसावध कोण होतं?

औषधांबद्दल सल्लागार बरोबर बोलतात, तेवढं त्यांना देते. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या महिनाभराच्या घरात असाव्यात. पण तीही अर्धीच गोष्ट आहे. २२ मार्चच्या मध्यरात्रीपासून प्रवासी गाड्या थांबल्या, त्यात दिवा-रोहा गाडीही गेली. पेण आणि रोहा दोन्हीकडे उपजिल्हा रुग्णालय आहे, जिल्हा रुग्णालय अलिबागला. पण केमोसाठी परळ, डायलिसिससाठी पनवेल किंवा नवी मुंबई, हे इथल्या पेशंटचे नेहमीचे रस्ते, आणि गरिबासाठी त्या रस्त्याचं नाव ती गाडी. खासगी गाडीचं भाडं आणि प्रवासाचा पास ही जोडी जमली नाही की उपचार चुकला. केमोचा डोस घरात भरून ठेवता येत नाही. डायलिसिस तर आठवड्यातून दोन-तीनदा करावंच लागतं.

पेणच्या खारेपाटात तर हात धुवा हेच ऐकून लोक हसत होते. वाशी-शिर्कीकडच्या गावांत दर उन्हाळ्यात पाण्यासाठी हंडे रांगेत लागतात, टँकर येतो तेव्हा येतो. हेटवणे धरण ह्याच पेण तालुक्यात, त्याचं पाणी सिडकोच्या वसाहतींना, म्हणजे नवी मुंबईला जातं. तिकडे बेसिनपाशी वीस सेकंद नळ सोडून हात धुणारा आणि धरणाच्या तालुक्यात राहून हंड्यावर हात धुणारी ह्या दोघांना एकच पत्रक वाटलं गेलं. ड्रम भरून ठेवा म्हणे. ड्रम आहेत, प्रत्येक दारात निळे ड्रम आहेत. ते भरायला पाणी आणा.

मग घराने काहीच करू नये का, असा प्रश्न येईल. करावं. माझं म्हणणं एवढंच की इथल्या घराला शिकवायचं असेल तर जे त्याला ठाऊक नाही ते शिकवा. धान्य सोडा, कागद बघा. रेशन कार्डावर सुनेचं आणि नातवाचं नाव चढलंय का, आधार जोडलंय का, अंगठा उमटतो का. माती आणि प्लास्टर हाताळून ज्यांच्या बोटांच्या रेषा पुसल्यात त्यांना रेशन दुकानातलं ते यंत्र ओळखत नाही, हे मार्चमध्ये कळून उपयोगी नाही. कागदांचा जुडगा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून उंचावर ठेवा. निसर्गमध्ये भरपाईचे पंचनामे झाले तेव्हा भिजून लगदा झालेला सातबारा किती कामाचा होता, ते ज्याचं त्याला ठाऊक आहे. आगोट सगळी एका खोलीत भरू नका. निम्मी स्लॅबच्या घरातल्या जावेकडे किंवा शेजारणीकडे ठेवा, तिची काही तुमच्याकडे. घरात रोख ठेवायची तर ती बाईच्या हातात ठेवा. आणि तांदूळ मोजताना मुंबईची माणसं मोजा. २०२० च्या ऑगस्टमध्ये चाकरमानी गणपतीला आले ते दहा दिवस विलग राहायच्या अटीवर. चार ताटांच्या घरात आठ ताटं झाली, आणि आधी एप्रिलमध्ये ह्याच गावांनी वेशीवर बांबू आडवे टाकून त्याच माणसांना अडवलं होतं. ह्याबद्दल गावात अजूनही कुणी मोकळेपणाने बोलत नाही. बोलायला हवं, कारण पुढच्या वेळी बांबू टाकायचा की शाळेची खोली झाडून ठेवायची, हे त्या रात्री ठरवलं तर बांबूच पडणार.

राहिले ते म्हणणारे, की लॉकडाऊन आता पुन्हा येत नाही, कशाला उगाच हा काथ्याकूट. सरकारने लावलेला येईल न येईल. मला ते भाकीत करायचं नाही. पण १९८९ च्या जुलैत अंबा नदीने जांभूळपाड्यात हाहाकार केला आणि रोहा तालुक्यातल्या नागोठण्यात पाणी घुसलं, तेव्हा कुठल्या सरकारने टाळं लावलं होतं? २००५ आणि २०२१ च्या जुलैत रायगड तुटला तेव्हा? घरात अडकून पडणं इथे दर काही वर्षांनी घडतं, कारण तेवढं बदलतं. रोगाचं असेल, पुराचं असेल, वाऱ्याचं असेल, वाण्याकडे उधारी बंद होते ती सगळ्यांत सारखीच.

तेव्हा सल्लागार मंडळींना माझं सांगणं आहे, तुमची यादी फेकून देऊ नका, फक्त पत्ता बदला. ती आमच्या स्वयंपाकघरात न पाठवता पंचायत समितीच्या सभेत न्या, आणि तिच्यात असं लिहा : वाडीवर कार्ड नसलेली माणसं किती आणि कोण, भट्टीवर गेलेल्यांना तिथल्या दुकानात धान्य कोण देणार, गावात डायलिसिसवर किती जण आणि गाड्या थांबल्या तर त्यांना न्यायला वाहन कुणाचं, खारेपाटाला टँकर कुठून, वादळात उघडायची स्लॅबची घरं कोणती आणि त्यांच्या किल्ल्या कुणाकडे, खावटी द्यायची तर किती दिवसांत. मे महिन्याच्या सभेत हे विषय घ्यायला लावा. तोपर्यंत आम्ही इकडे सुकट वाळवतो.